सदृश शब्द, विसदृश अर्थ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात अंबरनाथ येथे दिलेले व्याख्यान)



इंग्रजीतील सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या अर्थभेदावर बोला, असा आग्रह कार्यवाहांनी धरला, तेव्हा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि सहभोजन यांच्यामध्ये व्याकरणाचा तास कोण ऐकून घेणार, अशी शंका आम्ही बोलून दाखविली. त्यावर त्यांनी एवढेच उत्तर दिले की, गेल्या वर्षभरात मंडळाकडे सल्ल्यासाठी आलेल्या कागदांपैकी निम्मे कागद इंग्रजीत होते आणि ते घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांतील प्रत्येक शब्द ‘ठाऊक’ होता. या उत्तरापुढे आमचा नाइलाज झाला. जो शब्द ठाऊकच नाही, त्याविषयी माणूस दुसऱ्याला विचारतो. ठाऊक आहे असे वाटणारा शब्दच घात करितो.

प्रथम आमच्या हातून घडलेल्या अपराधाची कबुली देणे प्राप्त आहे. आम्ही तीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकविले. फळ्याच्या डाव्या बाजूस एक शब्द लिहावयाचा, उजव्या बाजूस त्याचे चार समानार्थी शब्द लिहावयाचे आणि मुलांकडून ते घोकून घ्यावयाचे, ही आमची पद्धत होती. तसेच उपसर्गांचे. ‘इन’ हा उपसर्ग लागला की अर्थ उलटा होतो, असे आम्ही सांगत असू. ‘व्हिजिबल’ म्हणजे दिसणारे, ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. ‘कंप्लीट’ म्हणजे पूर्ण, ‘इन्कंप्लीट’ म्हणजे अपूर्ण. मुले झटकन उदाहरणे देत आणि आम्ही संतुष्ट होत असू.

आमच्या त्या वर्गातील एक विद्यार्थी पुढे अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात कामास लागला. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. एके रात्रपाळीस पिंपे हलविण्याचे काम त्याच्याकडे आले. पिंपांवर ‘इन्फ्लेमेबल’ असा शब्द होता. ‘फ्लेम’ म्हणजे ज्योत हे त्यास ठाऊक होते आणि ‘इन’ने अर्थ उलटा होतो हे आमच्या कृपेने पाठ होते. तेव्हा हे पेट न घेणारे द्रावण आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. पलीकडे वेल्डिंग चालू होते. ते थांबविण्यास सांगण्याची त्यास गरज वाटली नाही. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला, हे त्याच्या मातापित्यांचे पुण्य. आम्ही त्यास पाहावयास गेलो, तेव्हा तो हसून म्हणाला, “सर, तुमचा नियम चुकला.” त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांस अधिक सोसवले असते.

त्या दिवसापासून आम्ही शब्दकोश नव्याने वाचू लागलो. ‘इन्फ्लेमेबल’मधील ‘इन’ नकाराचा नव्हेच. लॅटिन भाषेत ‘पेटविणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याच्या आरंभीच हे ‘इन’ आहे आणि त्याचा अर्थ ‘आत’ किंवा ‘मध्ये’ असा आहे. म्हणजे ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोहोंचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारे, ज्वालाग्राही. दोन शब्द विरुद्ध दिसावेत आणि एकार्थी असावेत, हा इंग्रजीचा खोडसाळपणा होय. आपला विद्यार्थी काही जगावेगळा फसला नव्हता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच अमेरिकेतील अग्निप्रतिबंधक संस्थेने याच भीतीपोटी ‘इन्फ्लेमेबल’ सोडून ‘फ्लेमेबल’ वापरावा, असा आग्रह धरण्यास आरंभ केला. न पेटणाऱ्या वस्तूला ‘नॉन-फ्लेमेबल’ म्हणतात. तरीही आपल्या रस्त्यावरून जाणाऱ्या टँकरांच्या पाठीवर जुना शब्द आजही दिसतो. बदलापूरच्या रस्त्याला आपली मुले दुचाकीवरून त्या टँकरांच्या मागे मागे जातात, म्हणून हे विस्ताराने सांगितले.

आणि इंग्रजीला हसण्याचेही कारण नाही. आपल्याकडे ‘अमूल्य’ म्हणजे ज्याला मूल्य नाही ते नव्हे, ज्याचे मूल्य होऊच शकत नाही ते. इंग्रजीतील ‘इन्व्हॅल्युएबल’ हा नेमका त्याचाच भाऊ. ‘अनमोल’ आणि ‘कवडीमोल’ यांतील अंतर आपण मुलांना कधी नियम सांगून शिकवीत नाही. ते त्यांना घरातच कळते. परक्या भाषेला ते घर नसते, एवढाच फरक.

अंबरनाथचाच विषय निघाला आहे तर आणखी एक जोडी उरकून घेऊ. ‘सेफ्टी’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही शब्दांना आपण सरसकट ‘सुरक्षा’ म्हणतो. कारखान्याच्या दाराशी उभा असतो तो ‘सिक्युरिटी’चा माणूस. त्याचे काम चोराचिलटांपासून, घातपातापासून मालाचे रक्षण करणे. आत यंत्राला जाळी बसविली आहे की नाही, कामगाराने चष्मा लावला आहे की नाही हे पाहतो तो ‘सेफ्टी’चा माणूस. पहिल्याचा शत्रू दुष्ट मनुष्य, दुसऱ्याचा शत्रू अपघात. या गावात एके काळी विमको कंपनीच्या आगकाड्या तयार होत आणि त्या काड्यांना ‘सेफ्टी मॅचेस’ म्हणत, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती काडी पेटत नसे असे नाही. तिला पेटविणारा फॉस्फरस काडीच्या टोकावर न ठेवता पेटीच्या कडेला लावलेला असे, म्हणून ती भलत्याच जागी घासून पेटत नसे. ‘सेफ्टी’चा यापेक्षा चांगला अर्थ आम्हांस कोणत्याही कोशात आढळला नाही.

आता एक स्थानक मागे, उल्हासनगरास येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. 1947 च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना तेथील बराकींत आश्रय देण्यात आला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. लोक त्यांना ‘रेफ्युजी’ म्हणत, आपणही म्हणत होतो. परंतु नुकसानभरपाईच्या कायद्याने त्यांना ‘रेफ्युजी’ म्हटले नाही. 1954 च्या नुकसानभरपाई व पुनर्वसन कायद्यातील शब्द ‘डिस्प्लेस्ड पर्सन’, म्हणजे विस्थापित व्यक्ती, असा आहे.

हा भेद निव्वळ शब्दच्छल नव्हे. 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ‘रेफ्युजी’ तो, जो छळाच्या साधार भीतीने आपल्या राष्ट्राबाहेर पडला आहे आणि परत जाऊ शकत नाही. तो जेथे येतो तेथे परका असतो, आश्रित असतो. सिंधमधून आलेले लोक येथे परके नव्हते. आपल्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदाने, त्यात सांगितलेल्या अटींवर, त्यांना या देशाचे नागरिक मानले. नागरिकाला आपल्याच देशात ‘रेफ्युजी’ कसे म्हणावे? ‘आम्ही शरणार्थी नव्हे, पुरुषार्थी’ असे ते स्वतः म्हणत, त्यात अभिमान होता तसा कायदाही होता.

याच काळातला तिसरा शब्द ‘इव्हॅक्युई’. तो ‘डिस्प्लेस्ड’चा सख्खा भाऊ दिसतो, परंतु त्याचे तोंड विरुद्ध दिशेला आहे. 1950 च्या कायद्याप्रमाणे ‘इव्हॅक्युई’ तो, जो 1 मार्च 1947 नंतर भारत सोडून पाकिस्तानात गेला आणि ज्याची मालमत्ता येथे मागे राहिली. येणारा ‘डिस्प्लेस्ड’, जाणारा ‘इव्हॅक्युई’. जाणाऱ्याच्या मालमत्तेतून येणाऱ्यास भरपाई देण्याची योजना होती. अर्जात एका शब्दाऐवजी दुसरा पडला, तर घेणारा देणारा होऊन बसे. हे कायदे 2005 साली रद्द झाले, पण जुन्या घरांच्या कागदांत हे शब्द अजून जिवंत आहेत. उल्हासनगरात जागा घेऊ इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांनी जुन्या कागदावर ते आढळल्यास ‘एकूण एकच’ म्हणून पुढे जाऊ नये.

तसेच ‘रीसेटलमेंट’ आणि ‘रिहॅबिलिटेशन’. मराठीत दोहोंना आपण पुनर्वसन म्हणतो. पहिल्यात माणसाला डोक्यावर छप्पर मिळते, दुसऱ्यात त्याचे मोडलेले जगणे पुन्हा उभे राहते. सरकारने बराक दिली ते पहिले होय. पापड लाटून, गाडीच्या डब्यात गोळ्या-बिस्किटे विकून, पुढे कापडाचे आणि तयार कपड्यांचे कारखाने काढून त्या लोकांनी मिळविले ते दुसरे. येथील मालावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे लिहीत आणि विचारल्यास ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असे उत्तर देत, हा विनोद आपण सर्वांनी ऐकला आहे. अक्षरे तीच, अर्थ निराळा, याचे याहून चोख उदाहरण आमच्या व्याख्यानाला कोठून मिळणार!

आपल्या घरातील वृद्ध स्त्रिया कधी कधी म्हणतात, “आम्हीही निर्वासितच, गाव सोडून आलो.” त्यांच्या मनातील सल आम्ही जाणतो. परंतु आपल्या वाडवडिलांनी गाव सोडले ते कारखान्यातील नोकरीसाठी. गणपतीला, शिमग्याला ते परत जात होते, गावच्या घराची किल्ली खिशात होती. इंग्रजीत यास ‘मायग्रंट’ म्हणतात. ज्याला परतीचे तिकीट काढता येते आणि ज्याला येत नाही, त्यांना एका शब्दात बसवू नये.

यानंतरची जोडी या तालुक्यात रक्त सांडून गेली आहे, म्हणून ती जपून उच्चारतो. ‘रिक्विझिशन’ आणि ‘ॲक्विझिशन’. कानाला जुळी भावंडे वाटतात. ‘रिक्विझिशन’ म्हणजे सरकारने गरजेपुरता, काही काळासाठी ताबा घेणे. मालकी मालकाचीच राहते, वापराचा मोबदला मिळतो, गरज संपली की वस्तू परत करावयाची. निवडणुकीच्या वेळी शाळा आणि मोटारी घेतात, ते हेच. ‘ॲक्विझिशन’ म्हणजे मालकीच सरकारकडे जाणे. किंमत एकदा मिळते आणि विषय कायमचा संपतो. दुसऱ्या महायुद्धात जपानची भीती असताना नेवाळीच्या परिसरातील शेतजमिनी विमानांच्या धावपट्टीसाठी घेण्यात आल्या. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळावयाची होती, असे त्या गावांतील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. जमीन संरक्षण खात्याची आहे, असे सरकारचे म्हणणे. म्हणजे साऱ्या वादाचे मूळ एवढेच की, त्या वेळी घडले ते ‘रि’ होते की ‘ॲ’ होते. 22 जून 2017 रोजी त्या जमिनीच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर आले, वाहने जळाली, पोलीस आणि गावकरी दोन्हीकडची माणसे जखमी झाली. खरे कोणाचे, हा निवाडा करण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु ज्या काळी ते कागद झाले, त्या काळी ज्यांची जमीन जात होती त्यांपैकी किती जणांना ती भाषा वाचता येत होती, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

येथे मराठीनेही आपला घोटाळा भर घातला आहे. महाराष्ट्रात ‘ॲक्विझिशन’ला भूसंपादन म्हणतात आणि ‘रिक्विझिशन’ला अधिग्रहण. हिंदी वृत्तपत्रे मात्र ‘ॲक्विझिशन’लाच भूमि अधिग्रहण म्हणतात. हल्ली आपली मराठी वृत्तपत्रे हिंदीवरून उचलून कायमच्या संपादनालाही अधिग्रहण छापू लागली आहेत. म्हणजे जो भेद इंग्रजीत दोन अक्षरांवर टिकून आहे, तो आपण आपल्याच हाताने पुसून टाकीत आहोत. ज्यांच्या गावाकडील जमिनीतून रस्ता किंवा धरण जाणार आहे, त्यांनी नोटिशीचा मथळा न वाचता तिच्यातील कलम वाचावे आणि ताबा जातो की मालकी जाते, एवढे एक विचारावे.

बदलापूरकर मंडळी आमच्याकडे केव्हाची पाहत आहेत. येथे घोडे बदलीत म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे सांगतात. आज येथे घोडे नव्हे, भाडेकरू बदलतात, दर अकरा महिन्यांनी. आपल्या ज्ञातीतील एक विधवा भगिनी गतवर्षी आमच्याकडे रडत आली. घरमालकाने सहीसाठी दिलेल्या कागदाच्या माथ्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ असे होते. ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे, एवढे इंग्रजी तिला येत होते. घर सोडण्याची नोटीसच आली असे समजून तिने भांड्यांची पोती बांधून ठेवली होती आणि मुलाच्या शाळेचा दाखला काढण्यासाठी अर्जही केला होता. येथील ‘लीव्ह’ म्हणजे अनुमती. ‘लायसन्स’ म्हणजेही अनुमतीच. इंग्रज वकिलांना एक गोष्ट दोनदा म्हणण्याची हौस फार. त्या पायी एका माउलीला रात्रभर झोप नाही.

तिचे समाधान झाले, परंतु खरा भेद पुढेच आहे. तो ‘लीज’ आणि ‘लायसन्स’ यांतील. 1882 या एकाच वर्षी झालेल्या दोन कायद्यांत त्यांच्या व्याख्या आहेत. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे ‘लीज’ने जागेच्या उपभोगाचा हक्क भाडेकरूकडे जातो. सुविधाधिकाराच्या कायद्याप्रमाणे ‘लायसन्स’ने कोणताही हक्क जात नाही. जे करणे एरवी बेकायदेशीर ठरले असते, ते करण्याची परवानगी तेवढी मिळते. पहिला माणूस त्या घरात आपल्या हक्काने राहतो, दुसरा मालकाच्या इच्छेने. पाहुण्याला आपण ‘हे घर आपलेच समजा’ म्हणतो, म्हणून ते त्याचे होत नाही, तसेच हे. सर्वोच्च न्यायालयाने 1959 साली सांगितले की, मथळ्यावर काय लिहिले आहे ते न पाहता उभयतांचा हेतू आणि व्यवहाराचे खरे स्वरूप पाहावे. पुढे 1973 साली मुंबईच्या भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन त्या वर्षीच्या 1 फेब्रुवारीस चालू करारावर राहत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यानंतर घरमालक फार सावध झाले.

31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांची प्रथा, वर्षापेक्षा कमी मुदतीच्या करारास नोंदणी लागत नसे त्या जुन्या काळची आहे. आता अकरा महिन्यांच्या करारासही नोंदणी हवी. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. मात्र मुदत संपल्यावर परवानाधारक जागा अडवून बसला, तर त्यास दुप्पट शुल्क भरावे लागते, हेही विसरू नये. आपल्यात घरमालकही आहेत आणि बिऱ्हाडकरूही आहेत. दोघेही आज समोर बसले आहेत, तेव्हा आम्ही दोन्ही बाजू सांगितल्या.

वेळ होत आला. ‘इव्हॅक्युएट’ आणि ‘रेस्क्यू’ या जोडीबद्दल थोडेसे सांगून थांबतो. संकट येण्यापूर्वी माणसे हलवून जागा मोकळी करणे हे पहिले. संकटात सापडलेल्यांना बाहेर काढणे हे दुसरे. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली आणि हजारांहून अधिक प्रवाशांची होड्यांतून सुटका करावी लागली. वृत्तपत्रांनी दोन्ही शब्द वाटेल तसे छापले. वस्तुतः तो ‘रेस्क्यू’ होता. हवामान खात्याच्या सूचनांतही अशीच चढण आहे : पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, नारिंगीचा अर्थ तयारीत राहा, तांबड्याचा अर्थ आता कृती करा. आपल्या दूरध्वनीवर हे रंग येतात, तेव्हा तिन्हींना ‘इशारा’ म्हणून बाजूला सारू नये. नदीकाठच्या सोसायट्यांत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी नारिंगीलाच तळमजल्यावरचे कागदपत्र वर न्यावेत.

ज्या विद्यार्थ्याची हकिकत आरंभी सांगितली, तो आज या सभागृहात आहे. त्याच्या अनुमतीनेच ती सांगितली. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही आणि तो मंडळाच्या वाचनालयात बसणार आहोत. ज्यांच्याकडे इंग्रजी कागद असतील, त्यांनी सही करण्यापूर्वी घेऊन यावेत. सही झालेले कागदही आम्ही वाचून देऊ. चष्मा आमचा आम्ही आणू. अंबरनाथ स्थानकापासून वाचनालयाची वाट ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी कार्यवाहांना विचारावे.